आईच्या भोपळ्याचं पेन

बाजारात मक्याचं कणीस हातात घेतलं की लोक दाणे दाबून बघतात. भुसाभाऊ मात्र कणीस टोकाकडून डोळ्याशी धरायचा, दुसरा डोळा मिटायचा आणि त्यातून भोक सरळ जाईल का याचा अंदाज घ्यायचा. कणीसवाली एकदा म्हणालीच, "भाऊ, खायला घेताय की गोळी घालायला?"

गल्लीच्या तोंडाशी त्याचं चष्म्याचं दुकान होतं. पुढच्या खोलीत फ्रेमा, काचा आणि भिंतीवर वरून खाली बारीक होत गेलेली अक्षरं. मधे पडदा. पडद्यामागे लेथ. लोकांना नीट दिसावं म्हणून तो पुढे काचा घासायचा आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं रे उतरलं की मागे जाऊन मनाला येईल ते घासायचा. पुन्हा पुढे यायचा तेव्हा केसांवर, मिशीवर, कानाच्या पाळ्यांवर भुशाचा थर बसलेला असायचा. त्यामुळे गल्लीने त्याचं पाळण्यातलं नाव केव्हाच रद्द करून टाकलं होतं.

लेथवर तो पेनं करायचा. पण लाकडाची नाही. लाकडाची कुणीही करतं, असं त्याचं मत. त्याला आक्रोडाची टरफलं लागायची, खजुराच्या बिया लागायच्या, कांद्याची सालं, माशाचे काटे, गांधीलमाश्यांनी सोडून दिलेलं पोळं. वस्तू कडकडीत वाळवायची, पितळी नळीभोवती रचायची, साच्यात ठेवून वरून काचेसारखं पारदर्शक रेझीन ओतायचं. ते घट्ट झालं की ठोकळा तयार. मग तो ठोकळा लेथवर गरागरा फिरवायचा आणि पटाशीने अलगद सोलत न्यायचा. रेझीनच्या लांब, कुरळ्या पट्ट्या हातावरून ओघळत खाली पडायच्या आणि आतलं पोळं, साल, काटा हळूहळू वर यायला लागायचा. त्या वेळी भुसाभाऊ श्वास घ्यायला विसरायचा. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, हा माणूस काहीतरी फार महत्त्वाचं करतोय. खरं तर तो कांद्याचं पेन करत असायचा.

रेझीनमध्ये बुडबुडे राहिले की त्याचा जीव खालीवर व्हायचा. ते राहू नयेत म्हणून साचा हवेच्या दाबाखाली ठेवावा लागतो. त्यासाठी त्याने बायकोचा कुकर पळवला होता आणि झाकणात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून घेतला होता. हवा पंपाने भरायची.

"लोकांच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होतात," बायको सांगायची, "आमचा पंक्चर होतो."

मागच्या खोलीला गल्लीकडे उघडणारी एक रुंद खिडकी होती. तिच्या कट्ट्यावर दिवसभर ऊन असायचं. या खिडकीचा एक नियम होता. तो कुणी केला नव्हता, पण सगळे पाळत होते. खिडकीत ठेवलेली वस्तू भुसाभाऊची. येता-जाता कुणी बोर खाऊन बिया ठेवून जायचं, कुणी चिमण्यांचं मोडकं घरटं. शेजारच्या शिंप्याने तर एकदा कापसात गुंडाळून स्वतःचा मुतखडा ठेवला होता. "मेल्याने फार छळलंय मला," तो म्हणाला होता, "आता लावा त्याला कामाला." भुसाभाऊने लावला. शिंपी अजून त्याच पेनाने मापं लिहितो. मांडीचं माप लिहिताना जरा कळवळतो म्हणतात.

सगळ्या गल्लीने काही ना काही ठेवलं होतं. ठेवलं नव्हतं ते फक्त ताईने.

ताई म्हणजे भुसाभाऊची थोरली बहीण. समोरच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहायची. तिला हा सगळा प्रकार म्हणजे धाकट्या भावाच्या डोक्यात लहानपणी घुसलेली आणि न निघालेली हवा वाटायची. "कानात घालायचा असतो तो कापूस, नाकात घालायची ती तपकीर आणि लिहायचं ते पेन," ती म्हणायची. "तुझ्याकडचं बघून तिन्हीतलं काय ते कळतच नाही." तो नवीन पेन दाखवायला गेला की ती हातसुद्धा न लावता विचारायची, "चालतं का?" चालतं म्हटलं की म्हणायची, "मग झालं तर."

ताईचं वेड वेगळं होतं. तिच्या गच्चीवर आईचा भोपळा होता.

त्यांची आई गेली तेव्हा बांगड्या, भांडी, कपाट सगळं वाटलं गेलं. ताईने काही मागितलं नाही. परसातल्या वेलीवरचा शेवटचा भोपळा तेवढा काखोटीला मारून ती घेऊन गेली. तेव्हापासून दर वर्षी तिच्या गच्चीवर त्याचीच वेल चढायची. दिसायला तो भोपळा अगदीच बेंगरूळ. राखाडी रंग, अंगभर चामखिळी, एका बाजूला कललेला, एखाद्या रागावलेल्या मामासारखा. पण कापला की खोलीभर खरबुजाचा वास सुटायचा. भुसाभाऊला त्या वासाने हटकून आईचा पदर आठवायचा. तो तसं बोलून दाखवायचा नाही. भाजी दुसऱ्यांदा मागून घ्यायचा.

गल्लीतल्या बायका दर वर्षी बी मागायच्या आणि ताई दर वर्षी गोड हसून नाही म्हणायची. "लाडावलेली वेल आहे हो, दुसऱ्याकडे रुजत नाही." खरी गोष्ट अशी की तिने कधी कुणाकडे रुजू दिलीच नव्हती. भोपळा कापायचा, बिया धुवायच्या, वाळवायच्या, त्यातल्या टपोऱ्या डबीत आणि डबी कपाटात. जगात या भोपळ्याच्या बिया एका वेळी एकाच ठिकाणी असायच्या.

त्या वर्षी ताईच्या मुलीचे दिवस भरत आले होते आणि बिया अजून ओल्या होत्या. ताईच्या गच्चीवर चिमण्यांचा सुळसुळाट. निघायच्या दिवशी सकाळी खाली टॅक्सी हॉर्न मारत उभी, ताईच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बियांची ताटली. तिने रस्ता ओलांडला. दुकानात भुसाभाऊ एका आजोबांना खालची ओळ वाचायला लावत होता आणि आजोबा भांडत होते की खालची ओळ नाहीच. भावजय दळण आणायला गेलेली. ताईने इकडे तिकडे पाहिलं. मागच्या खिडकीत छान ऊन पडलं होतं आणि खिडकीला जाळी होती. तिने जाळी सरकवली, ताटली आत ठेवली आणि टॅक्सीत जाऊन बसली. आईच्या भोपळ्याच्या बिया आहेत हे घरातल्या माणसाला सांगायला कशाला हवं, त्या कुणीही ओळखेल, असा तिचा विचार. फोन करून सांगावं असं वाटेतच मनात आलं होतं, पण पोचेपर्यंत नातू जन्माला आला आणि मग ताईला स्वतःचं नावसुद्धा आठवेना.

भुसाभाऊने त्या बिया ओळखल्याच. तिथेच तर सगळा घोटाळा झाला.

दुपारी पडदा सारून तो मागे गेला आणि ताटली बघून जागच्या जागी उभा राहिला. ताटली ताईची, तिच्या काठावरचं निळं फूल अर्धं पुसलेलं. बिया आईच्या भोपळ्याच्या. ठेवल्यात कुठे, तर खिडकीत. ज्या बाईने कधी बोराची बी ठेवली नाही, तिने.

"अगं ए," त्याने बायकोला हाक मारली. "ताईने बघ काय दिलंय."

बायकोने पाहिलं. "वन्संनी? तुम्हाला?"

"खिडकीत ठेवलंय."

"अहो, पण एकदा विचारा तरी त्यांना."

"काय विचारू? दिलंस का म्हणून? मग ती म्हणेल, परत दे." नाक शिंकरून तो पुढे म्हणाला, "मी यांचंच पेन करणार. तिच्यासाठी. आली की हातात ठेवतो."

यावर बायकोला बोलायला जागा उरली नाही. शिवाय त्याच आठवड्यात तिने कुकर परत ताब्यात घेतला होता, व्हॉल्व्ह उपटून भोकाला बूच मारलं होतं, आणि या गडबडीत तो विषय निघू नये असंच तिला वाटत होतं.

बिया चांगल्या वाळल्यावर भुसाभाऊने भिंग लावून त्यातल्या सगळ्यात टपोऱ्या निवडल्या. नळीभोवती माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक रचल्या. मंद सुकणारं, गरम न होणारं महागातलं रेझीन काढलं. कुकर नव्हता, म्हणून काडीने एकेक बुडबुडा टोचून काढला आणि तरी एक-दोन राहिले असतील या शंकेने बेचैन होऊन खुर्ची घेऊन साच्याशेजारी बसला. बसल्या बसल्या भूक लागली. ताटलीत किडक्या, चपट्या, बारक्या बिया उरल्या होत्या. त्याने त्या तव्यावर भाजल्या, मीठ टाकलं आणि नवरा-बायकोने चहाबरोबर संपवल्या.

पेन मात्र झालं हो. जाडजूड, हाताला गार, आणि आत पटाशीने मधोमध कापल्या गेलेल्या बियांच्या पांढऱ्या चकत्या, पाण्यात पडलेल्या चंद्रकोरींसारख्या. शिंप्याने ते उजेडात धरून उलटसुलट फिरवलं. मग म्हणाला, "माझ्या खड्याचं एवढं छान नव्हतं झालं."

ताई परत आली ती नातवाच्या कौतुकाने ओसंडतच. दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून तिने नातवाचं नाक, कान, रडणं, ढेकर सगळं सांगितलं. भुसाभाऊ पाठीमागे हात धरून उभा होता. तिने दम घ्यायला तोंड मिटलं तेवढ्यात त्याने पेन तिच्या मांडीवर ठेवलं.

"तुझ्यासाठी."

ताईने ते उचललं. हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा "चालतं का" असं विचारलं नाही. उजेडाकडे धरलं, फिरवलं, टोपण काढून लावलं.

"हे छान आहे रे," ती म्हणाली. आणि मग, तिलाच आश्चर्य वाटल्यासारखी, "खरंच छान आहे. शिंपलं आहे का आत?"

भुसाभाऊचे डोळे भरून आले. "तू दिलेल्याच की. आईच्या भोपळ्याच्या बिया."

ताईचा हात फिरता फिरता थांबला.

"कुठल्या बिया?"

"खिडकीतल्या."

"त्या उन्हात ठेवल्या होत्या मी."

पडद्याच्या कड्या किणकिणल्या. बायको पडद्याआडून मागच्या मागे सरकत होती.

"सगळ्या?" ताईने विचारलं.

"छे छे, सगळ्या कशाला! फक्त टपोऱ्या."

"मग बारक्या कुठायत?"

भुसाभाऊने पडद्याकडे पाहिलं. तिकडून मदत येण्याची चिन्हं नव्हती.

"त्या भाजल्या," तो म्हणाला. आणि काहीतरी चांगलं बोलावं म्हणून, "खमंग होत्या."

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो नंतर बायकोला म्हणाला. ती नुसती बसून राहिली, पेन मुठीत आवळून. "आई गेली तेव्हा मी दुसरं काही घेतलं नव्हतं," एवढंच बोलली. पेन काउंटरवर ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी येऊन त्याच खुर्चीत बसायला लागली. भावाशी अवाक्षर नाही. गिऱ्हाइकांशी मात्र बोलायची. "चष्मा करायला आलात? करा, करा. डोळे शाबूत असतील तर लवकर करा, नाहीतर त्यांचंही पेन करायचा." भुसाभाऊ मान खाली घालून काचा घासायचा. जेवण जाईना. लेथवर कापड टाकून ठेवलं. पेरणीचे दिवस तोंडावर आले होते आणि ताईच्या गच्चीवरची मोठी कुंडी माती भरून तयार होती, रिकामी.

त्याने सगळीकडे शोधलं. ताईच्या कचऱ्याच्या डब्यात, केराच्या सुपलीत, ज्या तव्यावर बिया भाजल्या त्या तव्याच्या कडेला. गल्लीतलं एकेक दार वाजवलं. "तुमच्याकडे चुकून एखादी बी?" बायकांनी दारातच हात कमरेवर ठेवले. "आमच्याकडे? आमच्याकडे रुजत नाही ना ती, लाडावलेली!" एकीने तर दार लावून घेऊन आतून हसून घेतलं.

शेवटी राहिलं पेन. चष्म्याच्या फ्रेमेतले केसाएवढे स्क्रू बघायचं त्याचं एक भिंग होतं. ते डोळ्यात अडकवून तो पेन उजेडात धरून बसला आणि इंचाइंचाने फिरवू लागला. ही कापलेली. ही कापलेली. हिचा अर्धा भाग भुशात गेलेला. हिच्या पोटात रेझीन. आणि मग, क्लिपच्या खाली, नळीला चिकटून, तळाशी घसरलेली एक बी. अख्खी. तिच्याभोवती एक लांबट, चमकता बुडबुडा, आणि बी त्याच्या आत झोपल्यासारखी पडलेली. रेझीन तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"ताई," तो हळूच म्हणाला. "ताई, एक जिवंत असेल. हवा होती तिला."

ताई उठली. भिंग हिसकावून डोळ्याला लावलं, उलटं. त्याने ते सुलटं करून दिलं. बराच वेळ बघून ती म्हणाली, "काढ."

"पेन जाईल."

"मग झालं तर."

लेथवरचं कापड काढलं. भुसाभाऊने पटाशीला धार लावली, पुन्हा लावली, तिसऱ्यांदा लावायला लागला तेव्हा ताई म्हणाली, "दाढी करायचीय का तिची?" लेथ सुरू झालं. त्याने आयुष्यात केलेलं सगळ्यात सुंदर पेन गरागरा फिरू लागलं आणि तो ते सोलायला लागला. चंद्रकोरी भुसा होऊन हातावर पडल्या. त्याला पेन दिसतच नव्हतं, त्याला फक्त तो बुडबुडा दिसत होता. ताई त्याच्या खांद्यावरून डोकावत होती आणि तिचा श्वास त्याच्या कानात वाजत होता.

"हळू."

"हळूच आहे."

"आणखी हळू. आईचं आहे ते."

"माझीपण आई होती ती!" भुसाभाऊ ओरडला, पटाशी न हलवता. "भोपळ्याला तू हात लावू दिलास का कधी? पाणी घालू का विचारलं तरी म्हणायचीस, तू नको, तू मुळं उपटून त्यांचं पेन करशील!"

"करशीलच! केलंसच ना?"

"अहो, समोर बघा," बायको दारातून किंचाळली.

त्याने समोर पाहिलं. बुडबुड्यावरचं कवच कागदाएवढं पातळ झालं होतं. त्याने लेथ बंद केलं, पण ते थांबता थांबता एक शेवटचा फेरा घेतच होतं. टक् असा बारीकसा आवाज झाला आणि बी उडाली.

कुठे, ते कुणालाच दिसलं नाही.

मग तिघंही गुडघ्यांवर. भुशाचे ढीग चाळणीने चाळले, पटाश्यांचा ट्रे पालथा केला, भुसाभाऊने शर्ट काढून झटकला. चष्मा न्यायला आलेले आजोबा पडदा सारून आत आले, तिघांना रांगताना पाहून म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही खालची ओळ दिसत नाहीये तर," आणि स्वतःही काठी टेकत वाकून शोधू लागले. काय शोधायचं ते त्यांनी विचारलंच नाही. ताईचा शोध सगळ्यात आधी थांबला. ती भुशात फतकल मारून बसली, पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले. भुसाभाऊ रांगत तिच्याजवळ गेला.

"वन्सं," बायको म्हणाली, "हलू नका." तिने दोन बोटं ताईच्या अंबाड्यात घातली आणि बी बाहेर काढली. एका कडेला टवका उडालेली, बाकी अख्खी.

ताईने पदर तोंडावरून काढला. ती रडत होती की हसत होती ते सांगता आलं नसतं. तिने भावाकडे पाहिलं, उघडाबंब, अंगभर भुसा, डोळ्यात भिंग तसंच अडकलेलं, आणि तिला ठसकाच लागला.

बी कोमट पाण्यात भिजवली. तिच्या कडेला चिकटलेली रेझीनची पापुद्र्याएवढी चकती भुसाभाऊने सगळ्यात बारीक पॉलिश पेपरने घासायला घेतली, पण बी दुखावेल म्हणून अर्ध्यावर सोडली. पेरताना ताई म्हणाली, "बोटाने खड्डा तू कर." त्याने केला. त्यानंतर चिमण्या हाकलायचं काम त्याच्याकडे आलं. दुकानाला दुपारची सुट्टी आणि भुसाभाऊ गच्चीवर, डोक्यावर छत्री, हातात सुपली. चिमण्यांपेक्षा तोच जास्त वेळा कुंडीत डोकवायचा. काहीच येत नव्हतं. ताई रोज येऊन पाणी शिंपडायची, बोटाने माती चाचपायची आणि खाली जायची.

एका सकाळी माती फुगलेली दिसली. दुपारपर्यंत एक पांढरट, वाकडी मान वर आली होती आणि संध्याकाळी त्या मानेने डोकं उचललं. दोन पानं अजून मिटलेली, आणि त्यांच्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकून बसलेलं. टरफलाच्या कडेला रेझीनची ती चकती उन्हात चकाकत होती. आईच्या भोपळ्याने चष्मा लावल्यासारखा दिसत होता.

भाऊ-बहीण कुंडीच्या दोन बाजूंना उकिडवे बसले. भुसाभाऊची नजर हळूहळू पानांवरून सरकून टरफलावर स्थिरावली. तो मान तिरकी करून एक डोळा मिटायला लागला. ताईच्या ते लक्षात आलं. तिने नुसत्या भुवया वर केल्या.

त्याने मिटलेला डोळा उघडला. घसा साफ केला.

"ताई," तो म्हणाला, "ते टरफल… आपोआप गळून पडलं की… मग… मी घेऊ का?"

जिन्यात चहा घेऊन आलेली बायको कपबश्यांसकट थबकली. "अहो," ती म्हणाली, "विचारलंत?"

ताई रोपाकडेच बघत राहिली.

"आधी तिसरं पान येऊ दे," ती म्हणाली. "मग बघू."

भुसाभाऊने छत्री उघडली आणि वाट बघायला बसला.